इंग्रजी शिकवायला, माडिया शिकायला

नागपूरहून भामरागडला जायचं तर आधी चंद्रपूर गाठावं. वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर या पट्ट्यात कोळसा, सिमेंट, वीज आणि कागद यांचं राज्य आहे. वीज केंद्राची धुरांडी फार लांबून दिसतात. पुढे कोठारी, गोंडपिपरी मागे पडलं की आष्टीजवळ वैनगंगेचा पूल येतो. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा सुरू. २६ ऑगस्ट १९८२ ला हा जिल्हा वेगळा झाला. त्याआधी सगळा मुलूख चंद्रपूरचाच. आष्टीच्या खाली वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटतात आणि तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं. आलापल्लीपर्यंतच्या रस्त्यावर हल्ली सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक इतके असतात, की एसटी त्यांच्या धुळीतून वाट काढत चालते. आलापल्लीला उतरून चहा घ्यावा आणि पाण्याची बाटली भरून घ्यावी. पुढच्या साठ-पासष्ट किलोमीटरांत पेरमिली आणि ताडगाव सोडलं तर थांबावं असं फारसं काही नाही. साग, ऐन, बांबू, मध्येच एखादं मोहाचं झाड, नाल्यावरचा पूल आणि पुन्हा साग. नागपूरपासून सगळं मिळून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोचतो, आणि तेही पाऊस नसेल तर.

मी निघाले ते दिवाळीनंतर, आश्रमशाळांचं दुसरं सत्र सुरू होताना. नोकरीभर नागपुरात इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर हौस म्हणून स्पॅनिश शिकायला लागले, आणि त्या वर्गात एक गोष्ट लक्षात आली. तिथे बसलेल्या निम्म्या पोरांना परदेशी जायचं होतं. ग्वाटेमाला, पेरू, कोलंबिया इथे जाऊन सकाळी मुलांना इंग्रजी शिकवायचं, दुपारी स्वतः स्पॅनिश शिकायचं आणि एखाद्या कुटुंबात राहायचं, अशी योजना असते. ग्वाटेमालातलं केत्साल्तेनांगो हे डोंगरातलं शहर तर स्पॅनिशच्या शाळांसाठीच ओळखलं जातं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे जाऊन आली. तिने सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात राहिली. वर्गातली मुलं घरी स्पॅनिश बोलतच नव्हती, त्यांची भाषा किचे. ग्वाटेमालात माया कुळातल्या वीसहून अधिक भाषा आहेत, पण कचेरी, पाठ्यपुस्तक आणि पाटी स्पॅनिशची. म्हणजे ही मुलगी ज्यांना इंग्रजी शिकवायला गेली, त्यांच्यासाठी ती भाषा दुसरी नव्हे, तिसरी होती. आणि जी भाषा शिकायला ती गेली, ती त्या मुलांनाही शाळेतच शिकावी लागलेली होती.

मी तिला म्हटलं, ‘अगं, हे तर आपल्या भामरागडचंच वर्णन झालं.’ म्हटलं खरं, पण भामरागड मी तोवर सिनेमात आणि पुस्तकांतच पाहिलं होतं. मग ओळखीच्या एका शिक्षकामार्फत पत्रव्यवहार केला, प्रकल्प कार्यालयाची परवानगी काढली आणि तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत इंग्रजीला हातभार लावायला जाऊन राहिले. शाळेचं नाव इथे देत नाही. तिथल्या मुलांची नावंही नाहीत.

गडचिरोलीत भाषा किती आहेत हे भामरागडच्या आठवडी बाजारात उभं राहिल्यावर कळतं. भांडी विकणारा हिंदी बोलतो, मिरची घेऊन आलेला तेलुगू. तलाठी कार्यालयातून आलेला माणूस वऱ्हाडी किंवा झाडीबोलीच्या वळणाची मराठी बोलतो, आणि टोपलीत कंदमुळं, मोहफुलं, वाळलेली मासळी घेऊन बसलेल्या बाया आपसात माडिया बोलतात. मुलचेरा आणि चामोर्शीकडे गेलात तर बंगाली ऐकू येते, कारण पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवलेलं आहे. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू. उत्तरेला देसाईगंज-वडसा, जिथून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या हिवाळाभर गावोगाव जातात; याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एकाच जिल्ह्यातली ही सगळी माणसं. मुंबईच्या लोकलमध्ये बहुभाषिकता पाहून भारावणाऱ्यांनी एकदा इथे यावं.

माडिया ही गोंडीची एक बोली म्हणा, तिची बहीण म्हणा. अभ्यासकांत त्यावर वाद आहेत. कूळ मात्र द्राविडी, यात शंका नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषकांची देशातली संख्या २९ लाख ८४ हजारांच्या घरात होती. तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांत विभागल्यामुळे कुठेच तिचं बहुमत नाही आणि कुठेच ती राजभाषा नाही. लिपीचं म्हणाल तर एक सोडून दोन आहेत. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली एक लिपी तयार केली. दुसरी आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांमधली. या दोन्ही लिप्या २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये गेल्या, म्हणजे संगणकावर लिहिता येऊ लागल्या. पण भामरागडच्या मुलाच्या वहीत यातलं काहीच नसतं. तिथे देवनागरी आणि रोमन. घरची भाषा वहीत नाहीच.

माडिया गोंड हा महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी समूहांपैकी एक. दुसरे दोन कातकरी आणि कोलाम. हा सरकारी शब्दप्रयोग वाचून एखाद्याच्या डोळ्यांपुढे केविलवाणी मुलं उभी राहतील. माझ्या वर्गातली मुलं केविलवाणी बिलकुल नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, माडियात काहीतरी बोलली आणि सगळा वर्ग खदखदून हसला. काय बोलली ते मला सत्र संपेपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आश्रमशाळेचा दिवस लवकर सुरू होतो. अंघोळी, परिपाठ, नाश्ता, वर्ग, दुपारचं जेवण, पुन्हा वर्ग, खेळ, संध्याकाळचं जेवण, अभ्यासिका. अधीक्षक आणि अधीक्षिका मुलांबरोबरच राहतात. स्वयंपाकी आणि कामाठी बहुतेक जवळच्याच गावातले. वर्गात मराठी चालते, आणि वर्गाचा उंबरठा ओलांडला की माडिया. ही सीमारेषा इतकी पक्की, की सहावीतला एखादा मुलगा फळ्यापाशी अडखळत मराठी वाक्य जुळवत असतो आणि घंटा झाल्यावर व्हरांड्यात तोच मुलगा शिकारीची गोष्ट हातवारे करत अशी रंगवतो, की कामाठीही खराटा टेकवून ऐकत उभा राहतो. बाहेरून आलेल्या शिक्षकाला फळ्यापाशी अडखळणारीच मुलं भेटतात. व्हरांड्यातली भेटायला त्याला माडिया यावी लागते.

महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. निर्णय चांगला की वाईट, यावर शहरात बरीच भांडणं झाली. या वादात भामरागडच्या मुलाचा हिशेब फारसा कुणी केला नाही. तो पहिलीत येतो तेव्हा घरी माडिया, फळ्यावर मराठी, पुस्तकात इंग्रजी, आणि थोड्याच वर्षांत हिंदी. पुस्तकातली सफरचंदं, छत्र्या, बर्फाची माणसं त्याने पाहिलेली नसतात. ‘अंब्रेला’ म्हणजे छत्री, हे सांगून भागत नाही. छत्री हा शब्दच त्याला नवा असू शकतो. मी पहिल्या आठवड्यातच पुस्तक बाजूला ठेवलं. मुख्याध्यापकांची त्याला ना नव्हती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६० च्या दशकात भाषा शिकवण्याची एक पद्धत मांडली: हुकूम द्यायचा आणि तो शरीराने पाळायचा. बोलण्याची घाई करायची नाही. ऐकणं आधी, बोलणं नंतर. शहरातल्या वर्गात बाकांच्या गर्दीत ती नीट जमत नाही. इथे मैदान होतं, झाडं होती, हातपंप होता. ‘स्टँड अप’, ‘रन टू द पंप’, ‘टच द ट्री’, ‘वॉक लाइक अ बेअर’. अस्वलाची चाल कशी असते हे त्या मुलांना विचारायलाच नको. अस्वलापासून झाडाआड कसं लपायचं हेही त्यांनी मला न विचारता दाखवलं. मग अदलाबदल. त्यांनी माडियात हुकूम सोडायचे आणि मी पाळायचे. मॅडम चुकली की वर्ग खूश. एका मुलीने मला पाणी आणायला सांगितलं आणि मी झाडाकडे निघाले, तेव्हा ती दोन दिवस भेटेल त्याला ते सांगत होती. पाणी म्हणजे एर, हे मी त्यानंतर विसरले नाही.

माडिया शिकताना मला माझं स्पॅनिश उपयोगी पडलं नाही, थोडी तेलुगू उपयोगी पडली. उंदी, रंड, मूंद, नालूंग, सैयूंग हे गोंडीतले एक ते पाच. तेलुगूचे रेंडु, मूडु, नालुगु कानावर पडलेले असतील तर यातले मधले तीन आकडे पहिल्याच दिवशी आपले होतात. कुत्र्याला नय म्हणतात, तमिळमध्ये नाय. खाण्याचा धातू तेलुगूसारखाच, तिन. सिरोंच्याच्या बाजूने आलेला एक शिक्षक त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. नागपूर-भंडाऱ्याकडचे शिक्षक मागे, आणि मी त्यांच्याही मागे.

व्याकरणात मात्र असं काही सापडलं, की त्याचा वर्गात थेट उपयोग झाला. गोंडीत नामांचे दोन वर्ग. पुरुष एका बाजूला. बाया, जनावरं, वस्तू सगळे दुसऱ्या बाजूला. क्रियापदाचं रूप त्याप्रमाणे बदलतं. मराठीत आपण तीन लिंगं घेऊन बसलो आहोत, तीही नियमाविना: भिंत ती, दगड तो, झाड ते. माडिया मूल ‘बाई आला’ किंवा ‘झाड पडली’ म्हणतं तेव्हा ते आळशी नसतं. त्याच्या भाषेत ही विभागणीच वेगळी आहे. दुसरी गोष्ट उच्चारांची. ख, घ, भ, ध अशी महाप्राण अक्षरं या भाषेत मुळात फारशी नाहीत. म्हणून लहान मुलं भाताला बात म्हणतात आणि तसंच लिहितात, आणि वहीत लाल रेघ येते. आता इंग्रजीकडे पाहा. क्रियापदाला लिंग नाही, ‘ही केम’ आणि ‘शी केम’ सारखंच. महाप्राण-अल्पप्राणावरून शब्द बदलत नाही. म्हणजे मराठीत ज्या दोन ठिकाणी हे मूल सारखं ठेचकाळतं, तिथे इंग्रजीत रस्ता सपाट आहे. मुलांना हे सांगितल्यावर त्यांच्यात फरक पडला की नाही ते मोजण्याचं साधन माझ्याकडे नव्हतं. शिक्षकांत मात्र पडला. एका तरुण सरांनी भात-बातच्या चुकांना लाल रेघ मारणं सोडून दिलं आणि त्यासाठी वेगळा सराव घ्यायला लागले.

अडचण वाक्यरचनेत आहे. माडियात आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत मध्ये. पण ती अडचण पुण्याच्या मुलालाही आहे, आणि त्याला तर क्लासची फी भरूनही आहे.

सुट्टीच्या दिवशी हेमलकशाला जाता यायचं. भामरागडच्या अलीकडे, पर्लकोटा नदीच्या या काठाला ते आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम इथून जवळच. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ ला इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. दवाखाना आणि प्राण्यांचं अनाथालय सगळ्यांना माहीत असतं. पर्यटकांच्या गाड्या त्यासाठीच येतात. माझं लक्ष शाळेकडे होतं. ती १९७६ ची. सुरुवातीला मुलं टिकत नसत, जंगलातून चालत आपापल्या गावी निघून जात. आज तिथून शिकून गेलेली माणसं डॉक्टर, वकील, शिक्षक, पोलीस झालेली आहेत, आणि पहिल्या माडिया डॉक्टरांपैकी एक, डॉ. कन्ना मडावी, याच शाळेतले. आमटे दांपत्याला २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी वाघ-बिबट्यांचे फोटो छापले. मला विचाराल तर या कामातली सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी बोलली गेलेली गोष्ट भाषेची आहे. दवाखाना उघडला तेव्हा रोगी आणि डॉक्टर यांना एकमेकांचं एक अक्षर समजत नव्हतं. दुखणं कुठे, किती दिवसांपासून, गोळी कशी घ्यायची, हे सगळं माडियात विचारायला शिकल्याशिवाय वैद्यकीच्या पदव्यांचा उपयोग नव्हता. पुढच्या पिढीत समीक्षा आमटे यांनी लहान मुलांसाठी माडिया आणि मराठी जोडणारी पुस्तकं तयार केली. आतल्या भागात नेलगुंड्याला प्रकल्पाने २०१५ पासून साधना विद्यालय चालवलं आहे.

परक्या देशातून शिकवायला, राबायला माणसं येण्याची रीतही या दोन जिल्ह्यांना नवी नाही. वरोऱ्याजवळ १९५१ साली बाबा आमट्यांचं कुष्ठरोग्यांसाठीचं आनंदवन उभं राहिलं. त्यानंतर काही वर्षांतच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक येऊन तिथे विटा उचलत होते. ही संस्था पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये काढलेली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तो स्वतः भारतात येऊन राबला होता. कुष्ठरोग्यांच्या हातचं पाणी घ्यायला गावातली माणसं तयार नव्हती तेव्हा हे गोरे लोक त्यांच्याच पंगतीला बसत, आणि त्याचा परिणाम वरोऱ्याच्या लोकांवर झाला. चंद्रपूर जिल्ह्यातच, मूलजवळच्या सोमनाथला १९६७ पासून मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. महाराष्ट्रातल्या किती कार्यकर्त्यांनी पहिली कुदळ तिथे हातात घेतली असेल!

पण छावणी आणि शाळा यांत फरक आहे, आणि इथे माझं मत जरा तिखट आहे. नालाबंडिंगचं काम आठवड्यात करून निघून गेलं तरी बांध राहतो. वर्गात आठवडाभर येऊन गेलेला माणूस काहीच ठेवून जात नाही. मी तिथे असताना एका शहरातून तरुणांचा गट आला. उत्साही, सालस मुलं. त्यांनी भिंती रंगवल्या, इंग्रजी गाणी शिकवली, मुलांबरोबर फोटो काढले आणि गेले. पुढचे काही दिवस मुलं ती गाणी म्हणत होती, एकाही शब्दाचा अर्थ न कळता. त्यांच्यानंतर दुसरा गट आला आणि त्यांनीही तीच गाणी शिकवली. मुलांनी ती अगदी नवी असल्यासारखी शिकून घेतली. पाहुण्याचं मन मोडायचं नाही हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत या प्रकारच्या स्वयंसेवेचा मोठा व्यवसाय झाला आहे. तिथे स्वयंसेवकच कंपनीला पैसे भरतो आणि त्याच्या सोयीने शाळेचं वेळापत्रक हलतं. आपल्याकडे अजून तसं झालेलं नाही, पण वाट तीच आहे.

धानोरा तालुक्यात मी नंतर जाऊन आले. गडचिरोली शहरापासून धानोरा रस्त्याला लागलं की चातगावजवळ शोधग्राम येतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. शोधग्रामातला दवाखाना आदिवासी गावासारखा बांधला आहे आणि त्याला मां दंतेश्वरीचं नाव आहे, कारण इथल्या लोकांना विचारूनच तो उभा केला. २००६ पासून त्यांचा ‘निर्माण’ हा युवकांसाठीचा उपक्रम चालतो. त्यातून आलेले काही तरुण डॉक्टर, अभियंते वर्षभर किंवा जास्तच इथे राहतात. वर्षभर राहणाऱ्याशी बोलताना आणि आठवडाभर राहणाऱ्याशी बोलताना फरक लगेच जाणवतो. वर्षवाला गावाबद्दल बोलतो, आठवडावाला स्वतःबद्दल.

पलीकडे मेंढा-लेखा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलाचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला आणि ते देशभर गाजलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं त्याच्याशी जोडलेली. या गावात अभ्यास गट नावाची चीज आहे: बाहेरचा माणूस आणि गावकरी एकत्र बसून एखाद्या विषयाचा अभ्यास करतात, निर्णय मात्र ग्रामसभाच घेते. शिकवायला येणाऱ्यांनी ही पद्धत पाहून घ्यावी. त्याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळाच सुरू केली, गोटूलच्या, म्हणजे गावातल्या तरुणांच्या पारंपरिक शिक्षणघराच्या, धर्तीवर. शिक्षण खात्याच्या मान्यतेचा प्रश्न आला, नोटिसा आल्या, प्रकरण तापलं. राज्यघटनेच्या ३५० ‘अ’ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावी असं म्हटलं आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत तेच सुचवलं आहे. गाव तेवढंच मागत होतं.

परतताना वाट वाकडी करून राजुऱ्यावरून जिवतीला गेले. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगरात हा तालुका आहे. इथे गोंडी आणि कोलामी. कोलामीही द्राविडी, पण गोंडीवाल्याला ती आपोआप समजत नाही. सीमेवरच्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही हक्काचा दावा आहे, त्यामुळे गावात मराठी शाळाही आणि तेलुगू शाळाही. एका बाईंना विचारलं, पोरांना कुठल्या शाळेत घालता? त्या म्हणाल्या, ‘मोठ्याले मराठीत, लहान्याले तेलगूत. कोणाचं सरकार आपलं होते ते पाहू.’ आणि घरी? ‘घरी का, कोलामी.’

आता कुणाला जायचंच असेल तर थोडी कामाची माहिती. जून ते सप्टेंबर भामरागडकडे शिकवायला जाण्याचा बेत करू नये. पर्लकोटेचं पाणी पुलावर आलं की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि आलापल्लीच्या रस्त्यावरचे नालेही चढतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. एप्रिल-मे मध्ये मोहफुलं आणि तेंदूपत्ता. तेव्हा घरोघरी माणसं पहाटेच जंगलात जातात आणि शाळेची पटसंख्या कागदावर राहते. विज्जा पंडुम, म्हणजे बियाण्याचा सण, याच सुमाराला. गावाने बोलावलं तर जरूर जावं, आणि कॅमेरा आधी विचारूनच काढावा. मलेरियाचा जिल्हा आहे. मच्छरदाणी स्वतःची न्यावी, संध्याकाळी अंगभर कपडे घालावेत आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. आशा ताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र दोघांकडे तपासणीची सोय असते. आश्रमशाळेत राहायचं तर गडचिरोली, अहेरी किंवा भामरागडच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागते. चंद्रपूर जिल्ह्यासाठी चंद्रपूर आणि चिमूर इथली कार्यालयं. आतल्या गावात मुक्काम करणार असाल तर जवळच्या पोलीस मदत केंद्राला कळवून ठेवावं. मोबाइलच्या सिग्नलवर कुठलाही बेत बांधू नये. जेवणात भात, वरण, रानभाजी; घरी बोलावणं आलं तर आंबील, लाल मुंग्यांची चटणी आणि गोरगा समोर येईल. गोरगा म्हणजे झाडाची ताडी, ती नाकारली तरी कुणी रागावत नाही. चटणी मात्र खाऊन पाहा, आंबट आणि झणझणीत असते.

जोहार, म्हणजे इथला नमस्कार, म्हणायला शिकायला एक मिनिट लागतं. आकडे शिकायला एक दुपार, आणि मुलाच्या आजीची तक्रार समजायला एक अख्खं सत्र. त्याआधी इंग्रजीचा धडा चढत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून स्पॅनिशच्या वर्गातल्या त्या पोरांना मी आता सांगते: ग्वाटेमालाला जा, जरूर जा, पण जाण्याआधी तिथल्या मुलाच्या घरी कुठली भाषा आहे ते विचारा आणि तिचे शंभर शब्द शिकून घ्या. आणि विमानाच्या तिकिटाचे पैसे जमेपर्यंत वेळ असेल तर नागपूरहून आलापल्लीची एसटी पकडा. एक अख्खं सत्र मोकळं काढता येत असेल तरच. तेवढं जमत नसेल तर घरीच राहा आणि शाळेला गोष्टीची पुस्तकं पाठवा. त्यांची तिथे खरोखर गरज आहे.